खुर्च्या लावण्यापुरते तरुण

आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्च मंजूर झाला आणि चहा यायला उशीर असला, की एक विषय हमखास निघतो. तरुण येत नाहीत. मग ज्याचं त्याचं कारण. मोबाइल, कोचिंग, घरात सगळे हिंदीच बोलतात, शिकून पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात. सगळ्यांचं बोलून झालं की चहा येतो आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

मंडळ इंदूरचं, रामबागेकडचं, जुनं आणि लहान. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, वर्षाला एखादं व्याख्यान, एवढाच पसारा. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. या विषयावर माझं मत कार्यकारिणीपेक्षा वेगळं आहे. तरुण येतात. गणपतीचे दहाही दिवस येतात. मांडवाचे बांबू तेच बांधतात, खुर्च्या तेच लावतात, माइकची वायर तेच शोधतात, प्रसादाचे द्रोण तेच वाटतात. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की फाटकाबाहेर जाऊन थांबतात, कारण त्या वेळात त्यांच्याजोगं काही नसतं. भाषण संपलं की खुर्च्या उचलायला पुन्हा हजर.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्या तो सहभागात धरतच नाही: मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं. आमच्याकडची नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळणारी मुलगी, ‘युवा प्रतिनिधी’ म्हणून दोन मिनिटं बोलायला दिलेला मुलगा, ही सगळी मंडळी त्या तीन पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली.

आमच्या कार्यकारिणीत एक नाना आहेत, सत्तरी ओलांडलेले. नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून १९७० साली शहरात आंदोलन पेटलं, तेव्हा ते कॉलेजात होते. अभ्यास मंडळ नावाच्या इथल्या संस्थेची तरुण माणसं त्यात पुढे होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने मागणी मान्य केली आणि सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदाकाठच्या जलूदहून घाट चढवून आणलेलं ते पाणी १९७८ मध्ये शहरात पोहोचलं. नाना ही गोष्ट फार रंगवून सांगतात. एका सभेत मी विचारलं, “नाना, तेव्हा तुमचं वय काय होतं?” म्हणाले, एकोणीस. “आणि तुम्हाला खुर्च्या लावायला कोण सांगत होतं?” नाना हसले. खजिनदार हसले नाहीत.

त्या सभेत ठरलं की या वर्षी तरुणांसाठी काहीतरी सामाजिक करायचं. कार्यकारिणीच्या मनात स्वच्छता रॅली होती. टोप्या, फलक, राजवाड्यापर्यंत चालत जायचं, तिथे फोटो. मी म्हटलं, टोप्यांची ऑर्डर द्यायच्या आधी मुलांना एकदा विचारू या. खजिनदारांनी मोठ्या मनाने ऑर्डर पुढे ढकलली.

मुलांनी बैठकीची जागा स्वतः ठरवली, म्हणजे मंडळाचं सभागृह सोडून पोह्यांची गाडी. रविवारी सकाळी, नववीपासून कॉलेजपर्यंतची दहा-बाराजणं, हातात पोह्यांच्या प्लेटा, वर शेव आणि जीरावन मसाला. रॅलीचं सांगितलं तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक लंबू जिलबी तोंडात धरूनच हसायला लागला. “काकू, इंदूरमध्ये स्वच्छता रॅली?” त्याचं बरोबर होतं. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात पहिलं येतंय. निगमची, म्हणजे महापालिकेची कचरागाडी रोज दारात येते. ओल्यात सुका मिसळलेला दिसला तर गाडीवाला डबा परत करतो. आता लोकांना आणखी काय सांगायचं होतं?

“मग काय करू या?” मी विचारलं, आणि सगळे गप्प. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. मग हळूहळू निघायला लागलं. भटकी कुत्री. वाचनालयाची वेळ. कोपऱ्यावरचा बंद दिवा. तेवढ्यात बारावीतली एक चष्मेवाली म्हणाली, “आमच्या पार्किंगच्या खाली विहीर आहे.”

३० मार्च २०२३, रामनवमी. पटेलनगरच्या मंदिरात बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. त्या दिवसाबद्दल इंदूरकराला जास्त काही सांगावं लागत नाही. चष्मेवालीची आई तेव्हापासून पार्किंगच्या त्या कोपऱ्यात स्कूटर लावू देत नाही. पण खाली नक्की काय आहे, किती खोल आहे, पाणी आहे का, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. ती बोलली आणि बाकीच्यांना एकेक आठवायला लागलं. आमच्या वाड्यात मागे होती. किराणावाल्याच्या गोदामात आहे म्हणतात. आजी सांगते, देवळाशेजारी दोन होत्या. पोह्यांच्या प्लेटखालच्या कागदावर लंबूने गल्ल्यांचा नकाशा काढला आणि गोल टाकत गेला. काम तिथेच ठरलं: आपल्या गल्ल्यांतल्या सगळ्या विहिरी शोधायच्या आणि मोजायच्या.

मला विचाराल तर हा विषय कुठल्याही कार्यकारिणीला सुचला नसता. फोटो येत नाही, उद्घाटन करता येत नाही, शिवाय भीती आहे.

भीती पालकांनाही होतीच. त्यांचे फोन माझ्याकडे आले. ते मी मुलांकडे वळवले, आणि मुलांनी त्या आक्षेपांतूनच नियम लिहिले. झाकलेल्या स्लॅबवर पाय ठेवायचा नाही. कठड्यावर बसायचं नाही, वाकायचंही नाही. काहीही झालं, अगदी मोबाइल पडला तरी विहिरीत उतरायचं नाही, कारण बंद विहिरीच्या तळाशी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो, आणि पहिल्याला काढायला दुसरा उतरतो. कुणाच्याही घरी एकट्याने जायचं नाही. मालक नको म्हणाला तर नमस्कार करून परत फिरायचं. कागद सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर फोन बंद झाले. अर्थात दोन मुलींना घरून परवानगी मिळाली नाही ती नाहीच. त्या दोघींनी घरी बसून नोंदींची शीट सांभाळली.

सगळ्यात जास्त वेळ पैशांनी खाल्ला. मुलांनी पाच हजार मागितले आणि अट घातली की रक्कम एकदम हातात द्या, हिशोब आम्ही ठेवू. आमच्या मंडळाची रीत अशी, की आधी पदरचे खर्च करा, बिल आणा, खजिनदार ते तपासतील, मग पैसे. या रीतीपायी कॉलेजातली मुलं कुठलंही काम अंगावर घेत नाहीत, कारण पदरचे घालायला त्यांच्या पदरात काही नसतं. मी हे सभेत बोलले तर एकजण म्हणाले, पोरांच्या हातात पैसे दिले की पिझ्झा येतो. खरं तर घरोघरी याच पोरांच्या फोनवरून किराणा, गॅस, लाइटबिल भरलं जातं. आईबाप ओटीपी विचारायला त्यांच्याकडे जातात. नानांनी जामीन राहायचं कबूल केलं, तेव्हा कुठे पैसे सुटले.

मुलांनी हिशोबाची शीट सगळ्या सभासदांना उघडी ठेवली. ज्या दिवशीचा खर्च त्याच संध्याकाळी नोंदवायचा. असा हिशोब मंडळाने आजवर पाहिला नव्हता, कारण आमचा जमाखर्च वर्षातून एकदा, चहाच्या आधी दिसतो. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेनऊला खजिनदारांचा फोन आला. “सचिवबाई, नेलपॉलिश, लाल, चाळीस रुपये. हे काय आहे?”

ते मापाच्या दोरीसाठी होतं. नायलॉनची दोरी, टोकाला जड लोखंडी नट. दर अर्ध्या मीटरला नेलपॉलिशची एक रेघ, दर पाच मीटरला दोन. पेनाची खूण पाण्यात पुसते, नेलपॉलिश टिकतं. ही चष्मेवालीची अक्कल. दुसऱ्या रविवारी खजिनदार स्वतः बघायला आले. जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणातली विहीर होती, दगडी कठड्याची, आत पिंपळ उगवलेला. मुलांनी मांडवातला एक बांबू आणला होता. तो कठड्यावरून आडवा पुढे काढायचा आणि दोरी त्याच्या टोकावरून सोडायची, म्हणजे कुणाला वाकावं लागत नाही. बांबूच्या मागच्या टोकावर दोघांनी भार दिला, लंबूने दोरी हातातून सरकवत नेली. सगळे इतके चूप की कबुतरांची घुमघुम ऐकू येत होती. मग ‘डुब्’ झालं आणि हाताला दोरी जरा हलकी लागली. त्या जागी चिमटा लावला: पाण्याची पातळी. पुन्हा दोरी सोडायची, नट तळाला टेकला की ती सैल पडते. वर ओढल्यावर जेवढी ओली निघाली तेवढं पाणी. मग कठड्याची उंची वजा करायची, कारण पातळी जमिनीपासून धरतात. चिमटा, रेघा, वजाबाकी असं करत आकडा वहीत गेला. खजिनदार म्हणाले, “एकदा मला सोडू दे.” त्यांचा आकडा लंबूच्या आकड्याशी जुळला नाही, म्हणून तिसऱ्यांदा मोजलं. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतं: जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. मुलांनीही तेच वेळापत्रक धरलं.

विहिरी सापडायच्या कशा? कागदावर थोड्या होत्या, आज्यांच्या डोक्यात जास्त. एक आजी अंथरुणाला खिळलेल्या, खिडकीतून गल्लीचा तुकडाही दिसत नाही. पण त्यांनी डोळे मिटून वाट सांगितली: फाटकातून आत, कडुनिंबाच्या डाव्या हाताला, धुण्याच्या दगडापलीकडे. कडुनिंब नाही, धुण्याचा दगड नाही, तिथे चार मजली बिल्डिंग. मुलांनी वॉचमनला विचारलं, तर लिफ्टच्या मागे खरोखरच एक चौकोनी लोखंडी झाकण. ज्या मुलाने हे शोधलं त्याचं मराठी बेतास बात, “आजी, वो पेड कहाँ था” असं चालतं. आजींचं हिंदी त्याहून बेतास बात. त्यांचं गाडं कसं चाललं मला ठाऊक नाही, पण तो नंतरही त्यांच्याकडे जात राहिला.

काही विहिरींवर तुळशीवृंदावन होतं, काहींवर फरशी आणि वर गोदाम. एका घरी विहिरीचाच सेप्टिक टँक केलेला. सांगताना मालकाला काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर मुलं बराच वेळ बोलली नाहीत. वर्षं विचारत गेलं की उत्तर साधारण एकाच काळात येऊन थांबायचं: नळ आला, मग विहिरीकडे कोण बघतो. लंबूने हे बैठकीत सांगितलं आणि नानांकडे वळून सरळ विचारलं, “म्हणजे नाना, तुम्ही नर्मदा आणली म्हणून आम्ही विहिरी बुजवल्या?” आमच्यापैकी कुणी असं विचारलं नसतं. नाना जरा वेळाने म्हणाले, “आम्ही पाणी मागितलं होतं. विहिरी बुजवायला कुणी सांगितलं नव्हतं.” त्यानंतर ती आंदोलनाची गोष्ट ते थोडी वेगळी सांगतात.

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. सुरुवातीची निम्मी मुलं परीक्षांच्या दिवसांत गळाली. भंवरकुआँच्या कोचिंगला जाणाऱ्यांना रविवारीही टेस्ट असते. लंबू तर आलाच होता राष्ट्रीय सेवा योजनेचे तास भरायला. वर्षाला १२० तास व्हावे लागतात आणि सह्या हव्या असतात. कार्यकारिणीत एकाला हे फार खुपलं, की मुलगा सर्टिफिकेटसाठी येतो. मला त्यात गैर दिसत नाही. आपण तरी मंडळात काय निव्वळ निष्कामपणे आलो? कुणाला माइक हवा असतो, कुणाला पत्रिकेत नाव. तास भरल्यावरही तो येत राहिला, हे मात्र नोंदवून ठेवते. गळालेल्यांतले काही परतले, काही नाही. मुलांनी कुणाला जाब विचारला नाही. काम तुकड्यांत वाटलेलं होतं, एका रविवारी एक गल्ली, त्यामुळे माणूस मध्येच गेला तरी गल्ली पुरी व्हायची.

खरी अडचण बंद दारांची. विहीर आहे म्हटलं की निगमवाले येतील, सील करतील, घराची किंमत उतरेल, ही भीती. बरेच जण दारातूनच ‘हमारे यहाँ नहीं है’ म्हणायचे, मागच्या अंगणात कठडा दिसत असताना. यावर तोडगा लंबूला मोबाइलवर सापडला, आणि तोही शंभर वर्षं जुना, इंदूरचाच. पॅट्रिक गेडेस हा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारने इथे बोलावला होता. त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा आहे. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडेसने १९१७ च्या दिवाळीत मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरं साफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्याने जाईल. लोकांनी घरं धुऊन काढली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि झाडूवाले सफाई कामगार मानाने चालले होते.

मुलांचा प्रस्ताव आला: अनंत चतुर्दशीला आपली पालखी त्याच गल्लीतून न्यायची, जिथली सगळी घरं विहीर बघू देतील आणि निदान एक घर छतावरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायला तयार होईल. कार्यकारिणीत भडका उडाला. पालखीची वाट ठरलेली आहे, ती काय बक्षीस म्हणून वाटायची का? ज्यांच्या दारावरून पालखी जाते त्यांनी रांगोळ्यांचं काय करायचं? मला त्यांचंही म्हणणं पटत होतं. सत्तर वर्षांच्या बाईला या वर्षी पालखी येणार नाही असं सांगणं सोपं नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. जुनी वाट तशीच, पण शेवटी एका गल्लीचा फेरा जादा, आणि ती गल्ली कोणती हे मुलं ठरवणार. हे गल्लीगल्लीत कळलं, त्यानंतर ‘हमारे यहाँ नहीं है’ म्हणणाऱ्या एका काकांनी स्वतःहून मुलांना चहाला बोलावून मागचं दार उघडलं.

सरकारी बाजू मी मुलांच्या मागे उभी राहून पाहिली. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, हे सगळं नागरिकशास्त्रात वाचलेलं असतं. प्रत्यक्ष अर्ज लिहिताना पहिला मसुदा निबंधासारखा झाला होता. ‘प्रशासन विहिरींकडे दुर्लक्ष का करत आहे?’ नाना म्हणाले, ‘का’ विचारू नका, कागद मागा. मग अर्ज चार ओळींचा झाला: आमच्या वॉर्डातल्या विहिरी-बावड्यांची यादी, शेवटच्या तपासणीची तारीख आणि ज्या बंद केल्या त्यांच्या आदेशांच्या प्रती. अठरा पूर्ण झालेल्यांनीच सही करायची, हे आम्ही आपसांत ठरवलं. मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलं, आणि त्यानंतर कागदपत्रं येऊन बघा असा निरोप आला. कायद्यात कागद आणि काम प्रत्यक्ष पाहण्याचा हक्क आहे हे त्या दिवशी मुलांना हाताने कळलं. संबंधित कार्यालयात एका बाबूने फाइल पुढे सरकवली आणि पंख्याखालची खुर्चीही दिली. यादीत होती त्या विहिरींपैकी काही जागेवर नव्हत्या, आणि मुलांच्या वहीतल्या कित्येक यादीत नव्हत्या. मुलांनी दोन्ही याद्या शेजारी शेजारी छापून अर्जासोबत जमा केल्या आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही, हे नानांनी त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

एका उघड्या विहिरीवर जाळी बसवावी म्हणून चष्मेवालीने १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तिथे तक्रार एल-वन अधिकाऱ्याकडून सुरू होते आणि निकाल लागला नाही तर एल-फोरपर्यंत वर चढते. वर चढू नये म्हणून खालून फोन येतात. तिला फोन आला तेव्हा ती माझ्यासमोरच बसली होती, स्पीकरवर. “बेटा, काम हो जाएगा, आप पहले शिकायत बंद करवा दो.” ती म्हणाली, “अंकल, पहले जाली लगवा दो, फिर उसी वक्त बंद करवा दूँगी.” पुन्हा फोन, पुन्हा तेच, तितक्याच गोड आवाजात. आमच्या वयाची माणसं अशा वेळी ‘बरं, बघा मग’ म्हणून मोकळी होतात. जाळी बसली. तिने फोटो काढला, आणि मग तक्रार बंद केली.

पालखीची गल्ली ठरली ती त्या जुन्या वाड्याची. शेजारच्या बिल्डिंगने छताचं पाणी द्यायचं कबूल केलं, त्यामागे गणित होतं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इंदूरचा पाऊस साधारण साडेनऊशे मिलिमीटर. शंभर चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ९५ हजार लिटर पडतं, पाचवा हिस्सा वाया गेला तरी ७६ हजार उरतं. लंबूने सोसायटीच्या बैठकीत हे टँकरमध्ये सांगितलं: पाच हजार लिटरचे पंधरा. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्यांना लिटर समजत नाहीत, टँकर समजतात. आमच्याकडची काळी माती पाणी लवकर आत घेत नाही, आणि खाली बेसॉल्ट, त्याच्या भेगांतच काय ते पाणी. विहीर म्हणजे त्या भेगांपर्यंत आयती खणलेली वाट. मध्ये दगड, खडी आणि जाड वाळूचा खड्डा केला, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवला. प्लंबरने दोनदा चुकीच्या मापाचा पाइप आणला, तो भाग सांगत बसत नाही.

वाड्यातल्या आजींना वाटलं आता पुन्हा विहिरीचं पाणी प्यायचं. त्यांनी लहानपणी तेच प्यायलं होतं. मुलांनी जीवाणू तपासायची छोटी बाटली मागवली. तिच्यात पाणी भरून ठेवायचं. विष्ठेतले जीवाणू असतील तर त्यांनी सोडलेल्या गंधकयुक्त वायूमुळे पाणी काळं पडतं. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी शोधलेली, स्वस्त आणि सोपी पद्धत. बाटली आजींच्याच कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः फोन केला, “अरे, ही तर शाईसारखी झाली.” पाणी झाडांना आणि धुण्याला. त्यावर वाद झाला नाही, कारण बाटली त्यांच्या घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत काळी पडली होती.

सगळीकडे असं गोड झालं नाही. चष्मेवालीच्या स्वतःच्या बिल्डिंगने पार्किंगखालची विहीर उघडायला नकार दिला. इंजिनिअरला दाखवू, पुढच्या बैठकीत बघू, असं चाललंय. आई अजून तिथे स्कूटर लावू देत नाही. एक विहीर आमच्या देखत मुरूम टाकून बुजवली गेली, आणि आम्ही काही करू शकलो नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीने मुलांसाठी ‘युवा शाखा’ काढायचं ठरवलं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, बिल्ले. मुलांनी नको म्हटलं. त्यांचं म्हणणं, शाखा नको, कार्यकारिणीत पंचविशीच्या आतल्या दोघांना जागा द्या, मतासकट. चर्चा तापली. अनुभव नाही, टिकणार नाहीत, उद्या शहर सोडून जातील. लंबू म्हणाला, “जातीलच. मग दुसरे दोघं येतील.” मतदान झालं आणि एक जागा मिळाली, दोन नाही. खजिनदारांनी बाजूने हात वर केला हे पाहून मला आश्चर्य वाटलं. पण आश्चर्य कसलं, नोव्हेंबरपासून सकाळी फिरायला जाताना विहिरींची पातळी तेच घेत आहेत. दोरी त्यांच्या पिशवीत असते आणि मुलांच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसत नाही.

चष्मेवाली पुण्याला शिकायला गेली. मिळालेली ती जागा सध्या लंबूकडे आहे, आणि गटाची सूत्रं नव्या दोघातिघांकडे. त्यांना विहिरींत फारसा रस नाही. त्यांना शाळेसमोरचा चौक सतावतो: झेब्राचे पट्टे पुसलेले, सिग्नल नाही, दुपारी सुटलेल्या सायकली आणि ई-रिक्षांची झुंबड. कार्यकारिणीतले काहीजण नाराज आहेत, की विहिरींचं काम अर्ध्यात टाकून हे नवीन काय. मी त्यांना सांगते, विहिरी आता आपल्याकडे आल्या आहेत, आपण बघू. मुलं गेला आठवडाभर चौकात उभं राहून वाहनं मोजत होती. पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना निवेदन बुधवारी द्यायचं आहे, आणि ते हिंदीत कुणी लिहायचं यावरून ग्रुपवर काल रात्रीपासून भांडण चालू आहे.